नंदलाल बोस

नंदलाल बोस (३ डिसेंबर १८८२ – १६ एप्रिल १९६६) हे आधुनिक भारतातील अग्रगण्य चित्रकार, भित्तिचित्रकार आणि कलाशिक्षक होते. मूळ बंगाली आडनाव बसू असल्याने काही मराठी लेखनात त्यांचा उल्लेख नंदलाल बसू असाही आढळतो. अवनींद्रनाथ ठाकूर यांचे ते पट्टशिष्य. शांतिनिकेतन येथील विश्वभारतीच्या कलाभवन या कलाविभागाचे ते १९२२ ते १९५१ या काळात अध्यक्ष होते. फैजपूर व हरिपुरा येथील काँग्रेस अधिवेशनांची सजावट, बडोद्याच्या कीर्तिमंदिरातील भित्तिचित्रे आणि भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीचे अलंकरण ही त्यांची सर्वपरिचित कामे आहेत.

चित्र चौकटीत बसवून दालनात टांगावे आणि जाणकारांनी ते पाहावे, ही प्रदर्शनाची रूढ कल्पना नंदलालांनी नाकारली नाही. त्यांची स्वतःची ओळखही अशाच एका प्रदर्शनातून झाली होती. मात्र आयुष्याचा मोठा भाग त्यांनी चित्रकला दालनाबाहेर नेण्यात घालवला: उत्सवाच्या अंगणात, वाचनालयाच्या ओसरीवर, नाटकाच्या मंचावर आणि अखेर खेड्यातील राजकीय अधिवेशनाच्या मांडवात. त्यांच्या चरित्रात कलाभवनाच्या सार्वजनिक कार्यक्रमांना त्यांच्या चित्रांइतकेच स्थान द्यावे लागते ते यामुळेच.

पूर्वायुष्य

नंदलालांचा जन्म बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातील खडगपूर या गावी झाला. वडील पूर्णचंद्र बोस दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते. आई क्षेत्रमणीदेवी यांना भरतकामाची, खेळणी व बाहुल्या करण्याची हौस होती. मिठाईचे साचेही त्या कोरत. नंदलाल लहान असतानाच त्या वारल्या. गावातील कुंभार व मूर्तिकार यांचे काम पाहत बसणे हा मुलाचा छंद होता. दुर्गापूजेसाठी मूर्ती घडते, गावभर मिरवते आणि शेवटी पाण्यात विसर्जित होते, हे चक्र त्यांनी बालपणीच पाहिले. पुढे त्यांनी जी कामे केली, त्यांपैकी अनेक अशीच काही दिवसांपुरती होती.

शालेय शिक्षणासाठी ते कलकत्त्यास आले. १९०२ मध्ये प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाविद्यालयात मात्र त्यांचे मन रमले नाही आणि परीक्षांत अपयश येत गेले. १९०३ मध्ये त्यांचा सुधीरादेवींशी विवाह झाला. वाणिज्य शाखेचाही प्रयत्न करून पाहिल्यानंतर १९०५ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश मिळवला. तेथे ई. बी. हॅवेल प्राचार्य होते आणि अवनींद्रनाथ उपप्राचार्य. युरोपीय शैलीतील पुतळ्यांच्या नकला काढून घेण्याऐवजी मोगल, राजपूत आणि अजिंठ्याच्या परंपरेकडे पाहावे, असा या दोघांचा आग्रह होता. वंगभंगाच्या आंदोलनाने शहर तापलेले असताना या आग्रहाला आपोआपच राष्ट्रीय अर्थ प्राप्त झाला.

पहिले प्रदर्शन आणि अजिंठा

१९०७ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट या संस्थेने १९०८ मध्ये पहिले प्रदर्शन भरवले. त्यात नंदलालांच्या शिव-सती या विषयावरील चित्राला ५०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. ती त्यांनी भारतातील प्राचीन मंदिरे व शिल्पे पाहण्याच्या प्रवासात खर्च केली. या काळातील त्यांची चित्रे प्रामुख्याने पुराणकथांवर आधारलेली असून आकाराने लहान आहेत. जलरंग धुऊन पुन्हा लावण्याच्या पद्धतीमुळे त्यांवर धुक्यासारखा पडदा दिसतो. बंगाल शैली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत ते निष्णात झाले होते. त्यांनी तेथेच थांबायचे ठरवले असते तर कलकत्त्याच्या अभिजनांत मान्यता पावलेला एक कुशल चित्रकार एवढीच त्यांची नोंद उरली असती.

त्यांना त्या वाटेवरून बाहेर काढण्यात अजिंठ्याचा वाटा मोठा आहे. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्लिश चित्रकर्तीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम हाती घेतले होते. भगिनी निवेदिता यांच्या पुढाकाराने १९०९-१० च्या सुमारास नंदलाल, असितकुमार हलदार, के. वेंकटप्पा आणि समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण चित्रकार तिच्या मदतीस गेले. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून भिंतीएवढ्या आकृती उतरवताना नंदलालांना दोन गोष्टी उमगल्या. एक, रेषेचे सामर्थ्य. आणि दुसरी, चित्र एकट्याने पाहण्यासाठी असते तसेच समुदायाने चालत चालत पाहण्यासाठीही असू शकते. कागदावरचे धूसर जलरंग अजिंठ्याच्या भिंतीसमोर फिके पडतात, हे जाणवल्यावर त्यांची रेषा हळूहळू मोकळी झाली. १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील बाघ लेण्यांच्या नकला करण्याच्या कामातही ते सहभागी होते.

कलकत्त्यात परतल्यावर ते ठाकूर कुटुंबाच्या जोडासांको येथील वाड्यात अवनींद्रनाथांच्या सान्निध्यात काम करत राहिले. निवेदिता व आनंद कुमारस्वामी यांच्या हिंदू व बौद्ध पुराणकथांवरील इंग्लिश ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली. जपानी चित्रकार काम्पो आराई जोडासांकोत राहत असताना त्याच्याकडून ते शाईच्या कुंचल्याचे तंत्र शिकले. १९१७ च्या सुमारास शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसू यांच्या विज्ञानमंदिरासाठी केलेली भित्तिचित्रे हा सार्वजनिक वास्तूतील त्यांचा आरंभीचा प्रयोग होय.

कलाभवन

रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९१९ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवन सुरू केले. विश्वभारतीची औपचारिक स्थापना १९२१ मध्ये झाली. नंदलालांना आपल्याकडे ओढण्याचा रवींद्रनाथांचा प्रयत्न त्यापूर्वीपासून चालू होता. काही काळ कलकत्ता व शांतिनिकेतन यांमध्ये ये-जा केल्यावर ते तेथे स्थायिक झाले आणि १९२२ मध्ये विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. पुढची जवळपास तीन दशके ते या पदावर होते. विद्यार्थी त्यांना मास्टरमोशाय म्हणत. बंगालीतील शिक्षकासाठीचे हे आदरार्थी संबोधन पुढे त्यांच्या नावाला कायमचे चिकटले.

कलाभवनात सुरुवातीच्या काळात ठरावीक अभ्यासक्रम, परीक्षा किंवा पदवी यांना फारसे स्थान नव्हते. विद्यार्थ्याने आधी परिसर पाहावा, ताडाची झाडे, म्हशी, संथाळ वस्तीतील माणसे यांच्या रेखाटनांतून हात तयार करावा, आणि मग स्वतःची वाट शोधावी, अशी रीत होती. हिवाळ्यात सर्वजण मिळून एखाद्या प्राचीन स्थळी मुक्कामास जात. तंबू, स्वयंपाक, पाणी भरणे ही कामे विद्यार्थी व शिक्षक वाटून घेत. नंदलाल खिशात कोरी पोस्टकार्डे बाळगत आणि दिसेल ते त्यांवर टिपून शिष्यांना व मित्रांना पाठवत. अशी हजारो कार्डे त्यांनी काढली. शिष्याच्या चित्रातील चूक शब्दांत सांगण्याऐवजी कार्डावर एक रेखाटन करून पाठवणे ही त्यांची नेहमीची पद्धत होती.

बिनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज, धीरेंद्रकृष्ण देववर्मन, मराठी चित्रकार विनायक मासोजी, पुढे शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन, दिनकर कौशिक, जया अप्पासामी हे त्यांचे शिष्य. चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांनीही १९४० ते १९४२ या काळात येथे शिक्षण घेतले. यांतील कोणाचेही काम गुरूच्या कामाची नक्कल वाटत नाही, आणि शिक्षक म्हणून नंदलालांचे मोजमाप करताना ही बाब विसरता येत नाही. तैलरंगांविषयी व नग्न मॉडेलवरून केलेल्या अभ्यासाविषयी त्यांच्या मनात अढी होती. रामकिंकर मात्र तैलरंगांकडे आणि सिमेंट-खडीच्या भव्य शिल्पांकडे वळले. गुरूला ते सारे रुचले असे नाही, तरी त्याच आवारात रामकिंकरांना जागा मिळत राहिली.

उत्सव, अल्पना आणि रंगमंच

शांतिनिकेतनात वर्षभर उत्सव चालत: वसंतोत्सव, पौष मेळा, वर्षामंगल, वृक्षारोपण, हलकर्षण. यांपैकी वृक्षारोपण व हलकर्षण हे सोहळे १९२८ मध्ये रवींद्रनाथांनी सुरू केले. उत्सवाची संहिता व गीते कवीची आणि त्याचे दृश्यरूप कलाभवनाचे, अशी विभागणी होती. वृक्षारोपणासाठी रोपटे फुलापानांनी सजवलेल्या पालखीतून मिरवत आणले जाई. हलकर्षणात नांगरायच्या जमिनीवर अल्पना रेखली जाई आणि बैलांना सजवले जाई. या सोहळ्याचे भित्तिचित्र नंदलालांनी १९३० मध्ये श्रीनिकेतन येथे काढले.

अल्पना म्हणजे तांदळाच्या पिठाच्या द्रवात भिजवलेल्या चिंधीने व बोटांनी जमिनीवर काढलेली नक्षी. महाराष्ट्रातील रांगोळी कोरड्या पुडीची असते, तर अल्पना ओली असते आणि वाळल्यावर उठून दिसते. बंगालमधील स्त्रिया व्रतांच्या निमित्ताने ती घरोघर काढत. नंदलालांनी या घरगुती कलेला विद्यापीठाच्या कलाविभागात शिकवण्याचा विषय केले. पूर्व बंगालमधील सुकुमारीदेवी यांना अल्पना शिकवण्यासाठी कलाभवनात स्थान देण्यात आले. कलाशाळेत न गेलेली एक गृहिणी विद्यापीठात कलाशिक्षिका होणे ही त्या काळी साधी घटना नव्हती. नंदलालांची कन्या गौरी हिने पुढे ही परंपरा सांभाळली. शांतिनिकेतनची अल्पना आज ज्या रूपात दिसते, त्यात व्रतातील ठरीव चिन्हे कमी आणि पाने, वेली, लाटा यांच्या मुक्त लयी जास्त आहेत. हा बदल याच पिढीने घडवला.

नाटकांच्या बाबतीतही असेच झाले. त्या काळातील व्यावसायिक रंगभूमीवर, मराठी संगीत नाटकांसह, रंगवलेल्या पडद्यांचा बोलबाला होता: राजवाडा, अरण्य, रस्ता असे खोलीचा आभास देणारे देखावे. शांतिनिकेतनात नंदलाल व सुरेंद्रनाथ कर यांनी मंचावरून हे देखावे जवळपास हद्दपार केले. साधे कापड, एखादी कमान, आसन, अल्पना आणि वेशभूषेतील रंग यांवर त्यांनी भिस्त ठेवली. वेशभूषेत प्रतिमादेवींचे मोठे साहाय्य होते. १९२६ मधील ‘नटीर पूजा’ या नाटकात गौरी हिने श्रीमती या राजनर्तकीची मुख्य भूमिका केली. प्रतिष्ठित घरातील मुलीने रंगमंचावर नृत्य करणे समाजाला सहज मान्य नसण्याचा तो काळ होता. अजातशत्रूच्या राज्यात बुद्धपूजेला बंदी असताना स्तूपापुढे नाचण्याची आज्ञा झालेली नर्तकी एकेक अलंकार उतरवत भिक्षुणीच्या वेषात उभी राहते आणि प्राण गमावते, असे त्याचे कथानक आहे. नंदलालांच्या मनात हे दृश्य खोलवर रुजले असावे, कारण पुढे त्यांनी ते दोनदा भिंतीवर रंगवले.

कलाभवनाच्या भिंती स्वतःच विद्यार्थ्यांची वही होत्या. जयपूरहून नरसिंगलाल या पारंपरिक कारागिराला बोलावून ओल्या गिलाव्यावरील चित्रणाचे राजस्थानी तंत्र शिकून घेण्यात आले आणि जुन्या वाचनालयाच्या ओसरीवर त्याचे प्रयोग झाले. काळे घर म्हणून ओळखले जाणारे विद्यार्थ्यांचे मातीचे वसतिगृह उठावशिल्पांनी मढवून त्यावर डांबर चढवण्यात आले. पावसापासून संरक्षण आणि सौंदर्य दोन्ही साधले. भिंत खराब झाली की नवे चित्र काढता येते, अशी येथील वृत्ती होती. जतनाच्या दृष्टीने ती घातक ठरली आणि त्या काळातील बरेच काम आज पाहायला मिळत नाही.

१९२४ मध्ये नंदलाल रवींद्रनाथांसोबत ब्रह्मदेश, चीन व जपानच्या प्रवासास गेले. तेथून परतल्यावर त्यांच्या निसर्गचित्रांत शाईचा वापर वाढला. चित्रकाराने केवळ चित्रे विकून न जगता हस्तव्यवसायातूनही चरितार्थ चालवावा, या हेतूने त्यांनी कारुसंघ या सहकारी गटाला चालना दिली. चामड्याचे काम, बाटिक, भरतकाम, लाकडी ठशांची छपाई यांना कलाभवनात चित्रकलेच्या बरोबरीने शिकवले जात असे.

लखनौ, फैजपूर, हरिपुरा

१९३० मध्ये दांडी यात्रेच्या वेळी नंदलालांनी महात्मा गांधींचे लिनोकट पद्धतीचे चित्र कोरले. काळ्या पार्श्वभूमीवर काठी घेऊन चालणारी पांढऱ्या रेषांतील ती आकृती गांधींच्या सर्वाधिक परिचित प्रतिमांपैकी एक आहे. चित्र लहान, तंत्र स्वस्त आणि प्रती हव्या तितक्या निघणाऱ्या; लोकांपर्यंत पोहोचण्याचा हाही एक मार्ग होता.

१९३६ च्या एप्रिलमध्ये लखनौ येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या निमित्ताने गांधींच्या सूचनेवरून नंदलालांनी भारतीय कलेचे प्रदर्शन मांडले. प्राचीन काळापासून समकालीन चित्रांपर्यंतचा पट शिष्यांच्या मदतीने त्यांनी उभा केला. हे अजूनही प्रदर्शन या शब्दाच्या नेहमीच्या अर्थातील काम होते. खरी कसोटी त्याच वर्षाच्या अखेरीस आली.

काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील (सध्याचा जळगाव जिल्हा) फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. तोवरची अधिवेशने मोठ्या शहरांत होत. हजारो प्रतिनिधी व लाखभर प्रेक्षक यांची सोय गावात कशी करावी, आणि तीही खेड्यातील साहित्य व कारागीर वापरून, असा प्रश्न होता. गांधींनी नंदलालांना बोलावून घेतले. आपण चित्रकार आहोत, वास्तुरचनेचे आपल्याला ज्ञान नाही, ही नंदलालांची अडचण गांधींनी मानली नाही. वास्तुरचनाकार म्हात्रे यांच्या साथीने टिळकनगर या नावाने अधिवेशनाची वसाहत उभी राहिली. बांबू, चटया, गवताचे छप्पर, जाडेभरडे कापड, टोपल्या आणि मडकी यांखेरीज विशेष काही वापरले गेले नाही. प्रवेशद्वारे याच साहित्याची होती. सजावटीसाठी वेगळे महागडे सामान न आणता, बांधणीच सुंदर दिसेल अशी करावी, हे सूत्र होते. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांच्या मिरवणुकीसाठी गावातील साध्या बैलगाडीला रथाचे रूप देण्यात आले. खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधींनी या रचनेचे श्रेय म्हात्रे व नंदलाल यांना जाहीरपणे दिले.

फैजपूरचे काम चार दिवसांचे होते. अधिवेशन संपल्यावर बांबू सुटले, चटया वाटल्या गेल्या, आणि टिळकनगर छायाचित्रांत व आठवणींत उरले. कलेच्या इतिहासग्रंथांत हरिपुऱ्याला पाने मिळतात आणि फैजपूरला बहुधा एखादे वाक्य, कारण हरिपुऱ्याची चित्रे टिकली. वस्तुतः हरिपुऱ्याची कल्पना फैजपुरातच आकारास आली होती, आणि महाराष्ट्राच्या कलेतिहासात तरी हा क्रम ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

फेब्रुवारी १९३८ चे एक्कावन्नावे अधिवेशन गुजरातमधील बारडोली परिसरात, तापी नदीच्या काठी हरिपुरा येथे भरले. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. अधिवेशननगरीला विठ्ठलभाई पटेल यांच्या स्मरणार्थ विठ्ठलनगर असे नाव देण्यात आले. या वेळी नंदलालांनी मांडव, दरवाजे व वाटा यांवर लावण्यासाठी चित्रमालिका करण्याचे ठरवले. हातकागद पुठ्ठ्यावर चिकटवून गेरू, हळद्या माती, खडू, काजळी अशा स्वस्त रंगांत सुमारे दोन फूट उंचीची ही चित्रे काढण्यात आली. एकूण संख्या चारशेच्या आसपास होती. त्यांपैकी ऐंशीच्या आसपास नंदलालांनी स्वतः काढली आणि उरलेली कलाभवनातील शिष्यांनी त्यांवरून केली. प्रत्येक चित्राला कमानीसारखी चौकट आहे. तिच्या आत एखादाच मनुष्य किंवा प्राणी जाड, वेगवान रेषेत आणि सपाट रंगात येतो: ढोल वाजवणारा, सुतार, शिंपी, मोची, कापूस पिंजणारा, धान्य कांडणारी स्त्री, कुस्तीगीर, मूल घेतलेली आई, मस्तवाल बैल.

राष्ट्रीय पक्षाच्या अधिवेशनासाठी केलेल्या या मालिकेत नेत्यांच्या तसबिरी, घोषणा, तुटलेल्या साखळ्या वा भारतमाता यांना जागा दिलेली नाही. आपले रोजचे काम करणारी माणसेच दरवाजावर लावली होती, आणि ती पाहणारे बहुसंख्य लोकही त्याच कामांत आयुष्य घालवणारे होते. प्रेक्षकाला वाकून किंवा शांत उभे राहून पाहायला लावणारी ही चित्रे नव्हेत. गर्दीतून चालता चालता, दुरून आणि उन्हात दिसावीत अशा बेताने ती रंगवलेली आहेत. पटचित्रांची रेषा, अजिंठ्याची शरीरलय आणि कलाभवनातील रोजच्या रेखाटनांचा सराव या तिन्हींचा येथे मेळ बसला आहे. नंदलालांचे सर्वोत्तम काम कोणते याविषयी मतभेद असले, तरी अनेक अभ्यासक याच मालिकेकडे बोट दाखवतात.

कीर्तिमंदिर

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी राजघराण्याचे स्मारक म्हणून बांधलेल्या कीर्तिमंदिरातील भित्तिचित्रांचे काम नंदलालांकडे आले. १९३९ ते १९४६ या काळात शिष्यांसह अनेक फेऱ्या करून त्यांनी तेथील चार भिंती रंगवल्या. विषय होते गंगावतरण, मीरेचे जीवन, नटीर पूजा आणि महाभारतातील अभिमन्यूचा प्रसंग. काम सुरू होण्याच्या सुमारास, फेब्रुवारी १९३९ मध्ये, सयाजीरावांचे निधन झाले. पूर्ण झालेल्या भिंती त्यांना पाहता आल्या नाहीत. गायकवाड घराण्याच्या स्मारकात गायकवाडांच्या लढाया किंवा दरबार नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. चार विषयांपैकी दोन स्त्रियांचे असून दोघीही राजसत्तेच्या आज्ञेपेक्षा आपली श्रद्धा मोठी मानणाऱ्या आहेत. ‘नटीर पूजा’ हाच विषय त्यांनी १९४२ मध्ये शांतिनिकेतनच्या चीना भवनातही रंगवला होता.

संविधानाची प्रत

भारतीय संविधानाची मूळ इंग्लिश प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली. तिच्या पानांचे अलंकरण नंदलाल व कलाभवनातील सहकारी यांच्याकडे सोपवण्यात आले. प्रत्येक भागाच्या आरंभी एक याप्रमाणे बावीस चित्रे त्यात आहेत. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेपासून वैदिक आश्रम, बुद्ध, अशोक, नालंदा, अकबर, छत्रपती शिवाजी महाराज व गुरू गोविंदसिंग, झाशीची राणी लक्ष्मीबाई व टिपू सुलतान, दांडी यात्रा, नौखालीतील गांधी यांपासून अखेर हिमालय, वाळवंट व समुद्र यांच्या देखाव्यांपर्यंत ही मालिका जाते. उद्देशिकेच्या पानाची नक्षी ब्योहार राममनोहर सिन्हा या शिष्याची असून त्यावर त्यांची सही दिसते. राजमुद्रेसाठी सारनाथच्या सिंहशीर्षाचे रेखाटन करणारे दीनानाथ भार्गव हेही कलाभवनाचेच विद्यार्थी. संविधान सभेच्या सदस्यांनी २४ जानेवारी १९५० रोजी या प्रतीवर स्वाक्षऱ्या केल्या. लोकांसाठी मांडवात चित्रे लावणारा कलाविभाग या निमित्ताने राज्याच्या सर्वांत औपचारिक दस्तऐवजात शिरला. मात्र हरिपुऱ्याच्या चित्रांतील मोकळेपणा येथे नाही. पानाच्या चौकटीत ठरलेल्या ऐतिहासिक क्रमाला बांधून घेतल्याने काही चित्रे सजावटीपुरतीच राहतात.

मूल्यमापन

स्वातंत्र्याच्या सुमारास नंदलालांच्या परंपरेवर टीका वाढली. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील तरुणांना बंगाल शैली भावविवश व भूतकाळात रमणारी वाटत होती. पौराणिक विषयांवरील आरंभीच्या जलरंगांना ही टीका बऱ्याच अंशी लागू पडते. पण ती करताना नंदलालांचे संपूर्ण काम बंगाल शैलीच्या खात्यात टाकले गेले आणि हरिपुरा, कार्डांवरील रेखाटने, उशिराची शाईची निसर्गचित्रे यांकडे दुर्लक्ष झाले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेडे व श्रम यांचे त्यांनी काढलेले चित्र प्रसन्न आहे. कर्ज, भूक, जातीची उतरंड त्यात जवळजवळ दिसत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद व जैनुल आबेदिन यांनी काढलेली रेखाटने शेजारी ठेवली की हा फरक ठळकपणे जाणवतो. नंदलालांनीही त्या काळात अन्नपूर्णेपुढे भिक्षापात्र घेऊन नाचणाऱ्या अस्थिपंजर शिवाचे चित्र काढले, तथापि त्यांनी दुष्काळाकडेही पुराणाच्या भाषेतूनच पाहिले.

अखेरचा काळ आणि सन्मान

१९५१ मध्ये, विश्वभारतीला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला त्याच वर्षी, नंदलाल कलाभवनातून निवृत्त झाले आणि शांतिनिकेतनातच राहिले. विश्वभारतीने त्यांना देशिकोत्तम ही उपाधी दिली आणि भारत सरकारने १९५४ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरव केला. शिल्पकथा, शिल्पचर्चा ही त्यांची बंगाली पुस्तके अध्यापनाच्या अनुभवातून आलेली आहेत. उतारवयात मोठ्या आकाराचे काम थांबले, तरी कार्डांवर शाईने चित्रे काढणे चालू होते. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

प्राचीन वस्तू व कलानिधी कायद्यान्वये ज्या मोजक्या आधुनिक चित्रकारांच्या कलाकृती राष्ट्रीय कलानिधी ठरवण्यात आल्या, त्यांत नंदलालांचा समावेश असून त्यांची चित्रे देशाबाहेर विकता येत नाहीत. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या हजारो कलाकृती आहेत. २००८ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. २०१९ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात, गांधींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने, भारताच्या दालनात हरिपुऱ्याची चित्रे मांडण्यात आली होती; तापीकाठच्या धुळीत, वाऱ्यावर लावलेली ती चित्रे येथे प्रकाशयोजनेखाली भिंतीवर ओळीने होती.

शांतिनिकेतनात त्यांच्या जन्मदिनाच्या आधीचे दोन दिवस, १ व २ डिसेंबर, नंदन मेळा भरतो. दिनकर कौशिक कलाभवनाचे प्रमुख असताना १९७३ मध्ये तो सुरू झाला. विद्यार्थी, शिक्षक व माजी विद्यार्थी आपल्या हातच्या वस्तू मांडतात: दिनदर्शिका, मुद्राचित्रे, मातीची भांडी, दागिने, चित्रे. खाद्यपदार्थांचे गाळेही विद्यार्थीच चालवतात. आवारातील झाडांखाली मांडव, अल्पना आणि रात्री गाणी असे त्याचे स्वरूप असते. मेळ्यातून जमणारी रक्कम विद्यार्थी साहाय्य निधीत जाते आणि आजारपण किंवा अन्य अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यांसाठी वापरली जाते.